ठेकेदार गावच्या घरी येतो तेव्हा

प्रश्न : कर्नलसाहेब, नमस्कार. मी सेलू तालुक्यातला शेतकरी. थोरला मुलगा फौजेत कॅप्टन आहे, सध्या पुरवठा डेपोत. जवानांचं राशन तपासून घ्यायचं काम त्याच्याकडं. लेकीचं लग्न धरलंय. चार दिवसांमागं डेपोला डाळ पुरवणारा ठेकेदार थेट आमच्या दारात आला. म्हणाला, "ताईंचं मंगल कार्यालय अन् जेवणावळ माझ्याकडं. साहेबांना सांगायची गरज नाही." जाताना मिठाईचा डबा ठेवला, त्यात खाली नोटांचं पुडकं निघालं. पोराला फोन केला तर लई तापला. डबा तसाच देवघरात आहे. माझे भाऊ म्हणतात, पोरानं काही मागितलं नाही, समोरच्यानं राजीखुशीनं दिलं, त्यात काय बिघडलं? वर पोराची बढती अडेल अशी भीती घालतात. काय करावं?
— एक वडील, जि. परभणी

उत्तर : दादा, तुमच्या पोराचं बरोबर आहे. हे उत्तर भावांना बसवून वाचून दाखवा.

मी अंबाजोगाईचा. नोकरी सगळी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे तुमचा मुलगा करतो तेच काम. ठेकेदार डेपोत पैसे काढत नाही. तिथं गेटवर नोंद होते, आजूबाजूला माणसं असतात. तो गावाकडं जातो. सोयाबीनला भाव मिळाला नाही, घरात लेक लग्नाची आहे, सोसायटीचं कर्ज थकलंय, हे सगळं तो आधी काढून घेतो.

त्याला काय विकत हवंय ते बघा. डाळीचा माल आला की गोण्यांतून नमुने काढतात. ओल किती, खडे किती, किडका दाणा किती, भेसळ आहे का, हे तपासलं जातं आणि मग अधिकाऱ्याची सही होते. लडाखसारख्या भागात बर्फानं रस्ते बंद व्हायच्या आधी हिवाळ्याचा साठा वर चढवावा लागतो. ओल जास्त असलेली डाळ तिथं महिनोन् महिने पडून राहिली तर तिला बुरशी धरते. चौकीवरच्या जवानाला शेजारी किराणा दुकान नसतं. जे आलं ते त्यानं खायचं. त्यांच्यात आपल्या मराठवाड्यातलीही पोरं असतात. तुमच्या मुलानं सही करायला नकार दिला तर तो त्यांच्या ताटासाठी.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र भावांना माहीत असेल. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा बेपर्वाईनं उडवलात तर पुढं घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिरून दाणे, गवत, भाजी उचलाल, आणि लोकांना वाटेल यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय. मला ते पत्र फार जवळचं वाटतं, कारण त्यात कोठाराचा हिशेब आहे. कोठारात गडबड झाली की शिपाई आणि रयत दोघं भोगतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता कायदा. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा २०१८ मध्ये बदलला. सरकारी पगार घेणारा प्रत्येक जण, फौजी अधिकारीही, लोकसेवक आहे. लाभ स्वतःसाठी घेतला की बहिणीच्या लग्नासाठी, थेट घेतला की दुसऱ्याच्या हातून, कायद्याला दोन्ही सारखं. शिक्षा कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७. आणि 'मी साहेबांना सांगतो' म्हणून मध्ये पैसे घेणारा काका असला तरी त्यालाही तेवढीच शिक्षा आहे, हे वाक्य भावांना दोनदा वाचून दाखवा. फौजेत वर लष्कर कायदा १९५० आणि कोर्ट मार्शल.

डबा गुपचूप परत करू नका. उद्या तो माणूस म्हणेल, घेतला होता, सौदा फिसकटला म्हणून परत आला. मुलाला आजच कमांडिंग ऑफिसरला लेखी कळवू द्या. फौजी अधिकाऱ्याच्या बाबतीत तपास सीबीआय करू शकते. १०६४ हा राज्याच्या लाचलुचपत खात्याचा नंबर तलाठी, पोलीस अशा राज्य कर्मचाऱ्यांसाठी आहे. डबा कमांडिंग ऑफिसर सांगतील त्याच्याच ताब्यात, पंचांसमोर द्या. तोवर पैशाला हात लावू नका. आणि देवघरातून तो आधी बाहेर काढा. त्याची जागा ती नव्हे.

तुम्हीही साध्या मराठीत एक कागद लिहा : तारीख, वेळ, माणसाचं नाव, गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही, काय बोलला, घरात कोण कोण होतं. माझ्या आईनं हेच केलं होतं. मी तुरीचा एक लॉट नाकारला, तेव्हा ठेकेदाराचा माणूस अंबाजोगाईत साड्यांचा खोका घेऊन आला. आईनं खोका उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, शेजारच्या मास्तरांना साक्षीला बोलावलं आणि रात्री मला आंतर्देशीय पत्रावर सगळं लिहून पाठवलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई. ते पत्र मी माझ्या अहवालाला टाचून वर पाठवलं. माझ्या चार पानांपेक्षा तिच्या पत्राचा उपयोग जास्त झाला.

बढतीचं खोटं सांगणार नाही. त्रास होऊ शकतो, वरिष्ठ कामाबद्दल लिहितात त्या गोपनीय अहवालात एखादा शेरा कमी येऊ शकतो. पण लष्कर कायद्यात अधिकाऱ्याला थेट केंद्र सरकारपर्यंत तक्रार नेण्याचा हक्क आहे, आणि त्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत बसतं. तिथं कागद बोलतो, म्हणून वेळेवर लिहिलेला अहवाल मुलाच्या हातात हवा.

लग्न जमेल तेवढ्यात करा, दारात मांडव घालून करा. व्याह्यांना खरं कारण सांगा. आणि मुलाला आजच फोन करून म्हणा, तू केलंस ते आम्हाला मान्य आहे. तापून बोलला असला तरी त्याला ते ऐकायचं असणार.