व्रीनाकच्या मृत्यूला सिस्को किती जबाबदार?

प्रश्न : ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या विज्ञानकथा मालिकेच्या ‘इन द पेल मूनलाइट’ (१९९८) या भागात परग्रहवासी रोम्युलनांचा सिनेटर व्रीनाक याचं यान गॅरॅक उडवतो. अवकाश स्थानकाचा प्रमुख कॅप्टन सिस्को याला त्याची कल्पनाही नसते. मग दोष सिस्कोवर का?

उत्तर : कल्पना नव्हती, हे खरं. पण तेवढ्याने तो सुटत नाही. तटस्थ रोम्युलनांना डोमिनियन या शत्रूविरुद्धच्या युद्धात आपल्या बाजूने ओढायचं, त्यासाठी डोमिनियन त्यांच्यावर हल्ल्याचा कट करतंय असं बनावट रेकॉर्डिंग करायचं, म्हणून त्याने क्लिंगॉन या दुसऱ्या परग्रहवासींच्या कैदेत देहदंडाची वाट पाहणाऱ्या टोलार या बनावटगाराला सोडवून आणलं. टोलारने स्थानकावरचा बारमालक क्वार्कला भोसकलं, तेव्हा तक्रार होऊ नये म्हणून सिस्कोने क्वार्कला लाच दिली. रेकॉर्डिंग ज्यावर करायचं त्या डेटा रॉडच्या बदल्यात बायोमिमेटिक जेल हा घातक पदार्थ ८५ लिटर देऊ केला, तो देण्यासाठी स्थानकाचा डॉक्टर बशीर याने लेखी हुकूम मागितला, तोही दिला. यातल्या कुठल्याही पायरीवर त्याला थांबता आलं असतं. वरिष्ठांची मंजुरी होती म्हणावं, तर ती बनावट पुराव्यापुरती, खुनाला नव्हे.

निर्णायक मुद्दा माणसाच्या निवडीचा. गॅरॅक जुना हेर. आपल्याला जे करवणार नाही ते हा करेल, म्हणूनच सिस्को त्याच्याकडे गेला, आणि गॅरॅक त्याला तोंडावर तसं सुनावतो. बॉम्ब ठाऊक नसला, तरी असं काही घडू शकतं हे कळायला हवंच होतं. खून करणारा गॅरॅकच, पण सत्य कळल्यावर सिस्को त्याला ठोसे मारतो आणि मग गप्प राहून फायदा घेतो, शेवटी या सगळ्याची स्वतः केलेली नोंदही पुसतो. माझ्या मते इथे तो खुनाचा भागीदार होतो.

आणखी एक. गॅरॅक या सगळ्याची किंमत सांगतो ती एक सिनेटर, एक गुन्हेगार (त्याने मारलेला टोलार) आणि एका अधिकाऱ्याचा (सिस्कोचा) स्वाभिमान एवढीच. यानात मेलेले अंगरक्षक त्या हिशेबात नाहीत, आणि सिस्कोही त्याला टोकत नाही.