नणंदेचं मूल पोटात वाढवण्याआधी

चि. सौ. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून नणंदेचं गर्भाशय काढलं, बाळही गेलं, आणि आता सगळ्या घराची नजर तुझ्याकडे लागली आहे. 'घरातलीच आहे, बाहेरची बाई कशाला शोधायची' असं सासूबाई म्हणतात, नवरा काही बोलत नाही, आणि तू 'चालेल' म्हणून मोकळी झालीस. तुझं 'चालेल' मनापासून असेल तर फार मोठी गोष्ट करते आहेस. पण घरात एकदा म्हटलेलं 'चालेल' म्हणजे संमती नव्हे, हे आधी पक्कं लक्षात घे.

दुसऱ्या जोडप्याचं मूल असं पोटात वाढवणं म्हणजे सरोगसी. तिच्या नियमनाचा कायदा २०२१ चा, लागू झाला २५ जानेवारी २०२२ ला. त्यात तुझी संमती लेखी हवी, आणि तुला समजणाऱ्या भाषेत हवी. तू सांगलीची. बडोद्यात येऊन गुजराती बोलायला लागलीस, मांडवीत भाजीवाल्याशी भावही करतेस, पण सरकारी गुजरातीतलं पाच पानी संमतिपत्र वाचून समजणं वेगळं. मराठीत मागून घे. देत नसतील तर कुणाकडून तरी ओळ न ओळ मराठीत करून घे आणि मगच सही कर. सही झाल्यावरसुद्धा भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत तुला संमती मागे घेता येते. औषधं सुरू झाली असली, नणंदेचा खर्च झाला असला, तरीही. म्हणून समुपदेशकाकडे जाताना एकटी जा. सासूबाई, नणंद, नवरा, तिघांनाही बाहेर बसव. तिथे तुला 'नको' म्हणावंसं वाटलं, तर समुपदेशकाने ते घरच्यांना वैद्यकीय कारण म्हणून सांगावं, अशी विनंती करता येते. चांगले समुपदेशक ती मान्य करतात.

आता तू पात्र आहेस का ते. सरोगेट, म्हणजे मूल पोटात वाढवणारी बाई, विवाहित किंवा पूर्वी विवाहित असावी, तिला स्वतःचं मूल असावं, आणि भ्रूण सोडण्याच्या दिवशी वय २५ ते ३५ मध्ये असावं. तुला ३३ पूर्ण झालीत, म्हणजे वेळ आहे, पण रेंगाळण्याइतका नाही. आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं, आणि त्यासाठी जास्तीत जास्त तीन वेळा प्रयत्न करता येतात. मूल हवं असलेल्या जोडप्यात बायकोचं वय २३ ते ५०, नवऱ्याचं २६ ते ५५ असावं आणि हयात मूल नसावं. त्या बाजूने अडचण दिसत नाही.

एक गोष्ट घरात कुणीतरी बोलेलच: 'हिचंच बीज घेतलं तर काय बिघडलं?' बिघडतं. सरोगेटने स्वतःचं बीज द्यायला कायद्याने बंदी आहे. नणंदेचं गर्भाशय गेलंय, अंडाशय शाबूत आहेत, त्यामुळे बीज तिचंच निघेल. नाहीच निघालं, तर २०२४ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर दात्याचं बीज घेता येतं, मात्र जोडप्यापैकी एकाचं तरी असायलाच हवं.

कागदांचा क्रम चुकला की महिने वाया जातात. पहिलं, जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र. नणंदेला सरोगसी का लागते ते त्यात असतं. त्यासाठी गर्भाशय काढल्याचा शस्त्रक्रियेचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड लागेल. जुन्या दवाखान्यातून ते आजच काढून ठेवायला सांग. दुसरं, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश. अर्ज नणंद, तिचा नवरा आणि तू असा तिघांचा. तिसरं, तुझा ३६ महिन्यांचा विमा. ही तीन झाली की सक्षम प्राधिकरणाकडून, म्हणजे सरोगसीला परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून, आवश्यकतेचं प्रमाणपत्र, शिवाय तुमची पात्रता प्रमाणपत्रं. क्लिनिकच्या भिंतीवर सरोगसीची नोंदणी लावलेली आहे का तेही बघ. आयव्हीएफची नोंदणी वेगळी असते, ती दाखवून काम भागत नाही.

पैशाचं स्पष्ट बोलते. इथून जेमतेम तासाभरावर आणंद. तिथे एकेकाळी सरोगसीसाठी परदेशांतून जोडपी यायची, आणि २००८ मध्ये तिथे जन्मलेल्या एका जपानी जोडप्याच्या बाळाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यामुळे बडोद्यात अजूनही 'यात पैसे मिळतात' असं लोक सहज म्हणतात. आता तुझ्या उपचारांचा खर्च, विमा आणि नियमात बसणारा इतर खर्च, एवढंच जोडपं करू शकतं. मुलाच्या बदल्यात रोख, दागिना, घराचा हिस्सा, काहीही ठरलं की ती व्यावसायिक सरोगसी होते, आणि ती करवून घेणाऱ्या जोडप्याला पहिल्या गुन्ह्यालाच पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सासूबाई प्रेमाने म्हणतील, 'बाळ झालं की माझ्या पाटल्या तुझ्या.' त्यांना तिथेच थांबव.

शरीराचं थोडं सविस्तर लिहिते, कारण याबद्दल घरात कुणी तुला नीट सांगणार नाही.

आधी तपासण्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, थॅलेसेमिया, थायरॉइड, साखर, गर्भाशयाची सोनोग्राफी. तुझं पहिलं सिझर आहे, म्हणून टाक्याची जागा नीट बघायला सांग. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीच बोल; बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागतं. नणंदेचं बीज काढून भ्रूण गोठवून ठेवतात, त्यामुळे तुमच्या पाळीच्या तारखा जुळवायची गरज पडत नाही.

पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून तुला इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू होतील, बहुधा २ मिलिग्रॅमची एक, दिवसातून तीनदा. दहा-बारा दिवसांनी सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर सात-आठ मिलिमीटर झालं की प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारा हार्मोन, सुरू होतं, आणि सहाव्या दिवशी पाच दिवसांचं भ्रूण आत सोडतात. प्रोजेस्टेरॉनचा पहिला डोस तारीख-वेळ घालून लिहून ठेव. एक दिवस इकडेतिकडे झाला आणि क्लिनिकला कळवलं नाही, तर अस्तर आणि भ्रूण यांचं वय जुळत नाही आणि चांगलं भ्रूण वाया जातं. या पूर्ण महिन्यात नवऱ्याशी संबंध टाळ. तुझं स्वतःचंच बीज फळलं तर मूल कोणाचं हा प्रश्न उभा राहील. हे त्याला आधी सांग, ऐनवेळी नको.

प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं दुखतात. कमरेखाली गाठी येतात, बसताना कळ लागते. कुपी पाच मिनिटं मुठीत धरून कोमट करायची, बाजू रोज बदलायची, नंतर चोळून गरम पिशवीने शेकायचं. कंटाळून बंद करू नकोस. या पद्धतीत तुझ्या अंडाशयातून बीज सुटलेलं नसतं, त्यामुळे शरीर स्वतः हा हार्मोन बनवत नाही; वार (प्लासेंटा) काम करू लागेपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा आठवडे, औषधावरच गर्भ टिकतो.

भ्रूण एकच सोडायचं, यावर ठाम राहा. नियमही एकाचाच आहे, खास परिस्थितीत तीनपर्यंत सूट आहे. 'दोन सोडा, एकदाच काम होईल' हा आग्रह घरातून होईल. जुळं म्हणजे लवकर बाळंतपण, जास्त रक्तस्राव, आणि तुझ्या टाक्यावर जास्त ताण.

दुसरा धोका रक्तदाबाचा. गर्भाचं बीज तुझं नसल्यामुळे प्री-एक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याची, शक्यता नेहमीच्या गरोदरपणापेक्षा जास्त असते. घरी मशीन आणून आठवड्यातून दोनदा मोज, आणि १२ आठवड्यांच्या सुमारास कमी मात्रेचं ॲस्पिरिन द्यायचं का ते डॉक्टरांना विचार. १४०/९० किंवा जास्त आलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, छातीखाली उजवीकडे दुखलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

व्यंग शोधायची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांची. त्यात काही निघालं तर काय, हे नणंदेशी आणि तिच्या नवऱ्याशी आजच बोल. गर्भपात तुझ्या लेखी संमतीशिवाय कुणीही करू शकत नाही, त्याला प्राधिकरणाची परवानगीही लागते. आणि मूल कसंही जन्मलं तरी ते त्या दोघांचंच. नाकारायचा हक्क कायद्याने त्यांना दिलेला नाही. हे बोलणं जड जातं. पण विसाव्या आठवड्यात रिपोर्ट हातात घेऊन पहिल्यांदा बोलणं त्याहून फार जड जातं.

दवाखान्यात तुझ्याच नावाने, तुझ्याच आधारकार्डावर भरती हो. जन्मदाखला सोपा व्हावा म्हणून नणंदेच्या नावाने भरती करायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नकोस. रक्त चढवायची वेळ आली आणि कागदावर दुसरीचा रक्तगट असला तर जिवावर बेतेल, शिवाय तो खोटा कागद. दाखल्यावर नणंदेचं नाव न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावरून सरळ येतं.

दूध तिसऱ्या दिवशी येईलच, ते तुझ्या शरीराला सांगून थांबत नाही. बंद करायचं असेल तर पहिल्याच दिवशी कॅबरगोलिन देतात, पण रक्तदाब वाढलेला असेल तर ती गोळी चालत नाही. पाजायचं की नाही हे तू आणि नणंद आधी ठरवा. आणि तुझ्या पाच वर्षांच्या लेकाला पोट दिसू लागण्याआधी सांग, की हे बाळ आत्याचं आहे, आईच्या पोटात वाढतंय आणि मग आत्याकडे जाणार आहे. मुलांना हे समजतं, लपवलं तर मात्र घाबरतात.

नणंद नोकरी करते, तर तिला बाळ हातात आल्यापासून १२ आठवड्यांची रजा मिळते. केंद्र सरकारची नोकरी असेल तर जून २०२४ पासून १८० दिवस.

विम्याची पॉलिसी हातात येईपर्यंत संमतिपत्रावर सही करू नकोस. आली की मला प्रत पाठव. काय काय वगळलं आहे ते पान आपण आधी वाचू, आणि बाळंतपणानंतरची गुंतागुंत पूर्ण ३६ महिने धरली आहे की नाही ते तपासू.

कळावे.