जुनी हायलँडर हायब्रिड घेताना टायमिंग बेल्ट बदलला आहे की नाही, हे कसे तपासावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की टेक्सासमध्ये २००७ची टोयोटा हायलँडर हायब्रिड आपल्याला पसंत पडली आहे, गाडी १,३८,००० मैल चालली आहे, आणि विक्रेता एकदा ‘हायब्रिडला टायमिंग बेल्ट नसतोच’ असे म्हणतो, तर दुसऱ्यांदा ‘आधीच्या मालकाने बदलला असेल’ असे सांगतो. एकाच माणसाने ही दोन्ही उत्तरे दिली असतील, तर त्याला या बाबतीत काहीच ठाऊक नाही असे समजून चालावे.

या गाडीला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवणारा रबरी पट्टा, आहे. २००६ ते २०१० या काळातील हायलँडर हायब्रिडमध्ये ३.३ लिटरचे व्ही-६ इंजिन आहे. त्याच इंजिनाची लेक्सस आरएक्स ४००एच मी वापरतो, त्यामुळे हा विषय माझ्या नित्याच्या परिचयाचा आहे. टोयोटाच्याच प्रियसच्या इंजिनात बेल्टऐवजी धातूची चेन असते, आणि बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हायब्रिड म्हणून प्रियसच असल्यामुळे हा गैरसमज पसरला असावा. होंडाच्या २००५ ते २००७च्या अ‍ॅकॉर्ड हायब्रिडलाही बेल्टच आहे. २०११पासून हायलँडर हायब्रिडला ३.५ लिटरचे इंजिन आले आणि त्यात चेन आली. म्हणून गाडी हायब्रिड आहे की नाही याला येथे महत्त्व नाही. तिच्यात कोणते इंजिन आहे, हे पाहावे लागते.

टोयोटाने या इंजिनाचा बेल्ट ९०,००० मैलांना, म्हणजे सुमारे १,४५,००० किलोमीटरला बदलण्यास सांगितले आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिन तत्क्षणी बंद पडते, आणि पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून व्हॉल्व्ह वाकण्याचा धोका असतो. हायब्रिडचे इंजिन सिग्नलला आणि कमी वेगात बंद राहते, त्यामुळे बेल्टची झीज मीटरवरच्या आकड्यापेक्षा कमी झाली असणार, असा युक्तिवाद आपल्याला कोणीतरी नक्की ऐकवील. त्यात काही तथ्य आहे, पण रबर केवळ फिरण्याने झिजत नाही; ते उष्णतेने आणि वयानेही कडक होते, आणि आपली गाडी दीड दशकाहून जुनी आहे. शिवाय कंपनीने दिलेली मर्यादा गाडीच्या मैलांत आहे, इंजिनाच्या तासांत नाही.

माझ्या मते खरा पुरावा एकच, तो म्हणजे बिल, आणि ते वाचताना घाई करू नये. बिलावर नुसते ‘बेल्ट बदलला’ असे असेल, तर कोणता बेल्ट, हा प्रश्न उरतोच. टायमिंग बेल्टचे काम नीट झाले असेल तर बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), आयडलर पुली (बेल्टला वाट देणारे चाक), वॉटर पंप आणि नवे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) यांच्या नोंदी सहसा एकाच बिलात सापडतात, कारण या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि तिथवर पोहोचण्यासाठी एकदा उघडाउघड केली की सगळेच बदलणे शहाणपणाचे असते. मजुरीही पाहावी: हे अनेक तासांचे काम आहे, तासाभराची मजुरी लावलेले बिल या कामाचे असू शकत नाही. त्या बिलावर तारीख, मैल आणि व्हीआयएन (गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे ना, आणि तो व्हीआयएन डॅशबोर्डवरच्या क्रमांकाशी जुळतो ना, हेही ताडून पाहावे. बिल नसेल तर व्हीआयएन घेऊन जवळच्या टोयोटा डीलरकडे चौकशी करावी. कारफॅक्स या गाडीचा पूर्वेतिहास देणाऱ्या सेवेचा अहवालही पाहावा, मात्र खासगी गॅरेजमध्ये झालेली कामे त्यात नसू शकतात.

पुष्कळ मेकॅनिक काम झाल्यावर तारीख आणि मैल लिहिलेले छोटे स्टिकर बेल्टच्या कव्हरवर किंवा बॉनेटखाली चिकटवतात, तेही शोधावे. वरचे कव्हर काढून बेल्ट बघता येतो, परंतु आजकालचे बेल्ट आयुष्य संपत आले तरी वरून धडधाकट दिसतात, त्यामुळे ‘तडे नाहीत, म्हणजे ठीक आहे’ हे कोणी म्हटले तर मानू नये. उलट वॉटर पंपाच्या बाजूला वाळलेल्या कूलंटचा गुलाबी थर किंवा कव्हरच्या कडेने तेलाचा ओलावा दिसला, तर तो स्पष्ट इशारा समजावा. तेल लागलेला बेल्ट लवकर खराब होतो.

एक सावधगिरी मला आवर्जून सांगायची आहे. गाडी ‘रेडी’ अवस्थेत, म्हणजे चालवण्यास सज्ज, असेल तर इंजिन बंद दिसत असतानाही कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होऊ शकते. बॉनेट उघडून हात घालण्यापूर्वी गाडी पूर्ण बंद करावी, स्मार्ट की असेल तर ती लांब ठेवावी आणि उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी केबलना मुळीच हात लावू नये. इंजिनाचा आवाज ऐकायचा असेल तर गाडी थंड असतानाच जावे, म्हणजे इंजिन तापण्यासाठी स्वतःच सुरू होईल.

बिल मिळाले नाही, तर बेल्ट बदललेला नाही असेच धरावे. हायब्रिडचा अनुभव असलेल्या गॅरेजकडून वॉटर पंपासह या कामाचे लेखी अंदाजपत्रक घ्यावे, तेवढी रक्कम किमतीतून कमी करण्यास सांगावे, आणि गाडी घेतल्यावर लांबच्या प्रवासाआधी ते काम उरकावे. बेल्ट ९०,००० मैलांना बदलल्याचे बिल निघाले, पण त्यालाही दहा वर्षे उलटली असतील, तर मी तरी तो पुन्हा बदलूनच घेईन. हायब्रिड बॅटरीची तपासणी त्याच भेटीत करून घ्यावी. या वयाच्या गाडीत तो खर्च बेल्टपेक्षा मोठा ठरू शकतो.

हे उत्तर पुण्या-मुंबईत कोणी वाचत असेल, तर होंडा सिटी हायब्रिड, ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिड, तसेच इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड या गाड्यांना चेन आहे. चेनला वंगण इंजिन ऑइलचेच मिळते, म्हणून तेथे बेल्टऐवजी इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलल्याच्या नोंदी मागाव्यात.