आठवडाभर बघू म्हणू नकोस

अगं पोरी,

दोन पानं तुझ्या पाळलेल्या उंदरीच्या, चिंगीच्या, खोड्यांवर लिहिलीस आणि गाठीवर एकच ओळ: 'काखेत सुपारीएवढी आहे, घरचे म्हणतात आठवडाभर बघू.' काय बघणार? उंदराचं आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. गाठ लहान असतानाच ठरवायचं, हे या पत्रात पुन्हा पुन्हा येणार. कंटाळलीस तरी वाच.

आधी गाठ कसली ते हाताने समजून घे. मादीच्या स्तनग्रंथी पोटापुरत्या नसतात. मानेपासून जांघेपर्यंत, काखेत, कुशीतही पसरलेल्या असतात. त्यामुळे काखेतली गाठसुद्धा बहुधा स्तनाचीच. चिमटीत धरून हलव. टणक पण लवचिक, कडा स्पष्ट, कातडीखाली सुटी सरकते आणि दाबल्यावर चिंगी तक्रार करत नाही, तर ती फायब्रोअडेनोमा असण्याची शक्यता जास्त. मादीतल्या बहुतेक स्तनगाठी याच जातीच्या. हा कॅन्सर नव्हे, अंगात पसरत नाही. पण म्हणून निवांत बसलीस तर ती वाढत राहते, फरशीला घासून फुटते, पाय टाकता येईना होतो. खाली चिकटलेली, वेडीवाकडी गाठ असली तर संशय अधिक.

दोन दिवसांत वर आलेली, गरम, दुखरी आणि वर खपली धरलेली गाठ म्हणजे बहुतेक गळू. त्याला कोमट मिठाच्या पाण्याचा शेक, दिवसातून तीन-चार वेळा, पाच-दहा मिनिटं. स्वतः फोडू नकोस. उंदराचा पू घट्ट असतो, अर्धा आतच राहतो. कानाच्या बुडाशी गाठ आली तर मात्र गळू समजून शेकत बसू नकोस. तिथे झिंबल ग्रंथीची गाठ होते, आणि ती वाईट.

आजी बिबा लावू म्हणतील. हात जोड, पण लावू देऊ नकोस. कातडी भाजते, वर चिंगी ते चाटणार.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर वजन कर, गाठीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोज, वहीत तारीख घालून लिही. वजन तेवढंच आणि पाठीचा कणा मात्र बोटाला लागायला लागला, तर गाठ वाढली आणि उंदीर वाळला. नुसता काटा बघणारे इथेच फसतात.

तालुक्याच्या पशुदवाखान्यात गाई-म्हशींची रांग असते, तिथे उंदीर बघून कुणी हसलं तर रागावू नकोस. बेळगावात फोन कर, जमेल त्या भाषेत विचार की: उंदराची किंवा सशाची शस्त्रक्रिया करता का, आयसोफ्लुरेन गॅसची भूल आहे का, भुलेत अंग गार पडू नये म्हणून काय करता? नाही म्हणाले तर हुबळी नाहीतर कोल्हापूर. उन्हाच्या आत निघ. चिंगीच्या डब्यात पाण्याची बाटली लावू नकोस, गळते; काकडीचा तुकडा ठेव.

शस्त्रक्रियेआधी कुत्र्याला रात्रभर उपाशी ठेवतात, तोच नियम उंदराला लावला तर मोडून काढ. उंदराला उलटी होतच नाही. उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर मात्र उतरते. टाके कातडीच्या आतून घ्यायला सांग, बाहेरचा दोरा ती त्याच रात्री दातांनी उसवेल. घरी आल्यावर पिंजऱ्यात भुसा नको, स्वच्छ सुती कापड घाल. एक कोपरा उबदार ठेव आणि शुद्धीवर येताच मऊ भात पुढे कर. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी तिच्या वजनावर काढलेलंच द्यायचं. बाबांच्या पाकिटातली गोळी मोडून नाही.

उंदरासाठी पोरांना खर्चात पाडता, असं मला लोक बोलतात. पाडतो, आणि पुढेही पाडणार! तीनशे ग्रॅमच्या उंदरात रक्त जेमतेम 20 मिलिलिटर. गाठ जेवढी मोठी, तेवढ्या तिच्या रक्तवाहिन्या जाड आणि जखम लांब. म्हणून लहान असतानाच, म्हणतो ते यासाठी. उशिरा जाऊन शस्त्रक्रियेलाच दोष देणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडलंय.

सगळ्यांना काप म्हणत नाही मी. उंदीर अडीच वर्षांचा झालाय, श्वासात घरघर आहे, तर भूल झेपणं कठीण. पुढच्या पायात खाऊ धरता येईना झाला तर डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीची शंका घ्यायची. तिथे दुखणं कमी ठेवायचं, आणि खाणं सुटलं की डॉक्टरांकडून शांत मरणाचं इंजेक्शन. तेही रेटत न्यायचं नाही.

गाठ काढल्यावर दुसरीकडे नवी आली तर 'तीच उलटली' म्हणून डॉक्टरांवर चिडू नकोस. बहुतेकदा उरलेल्या स्तनग्रंथींतली ती वेगळी गाठ असते. पुन्हा माप, पुन्हा वही.

आणि चिंगीची जोडीदारीण तीन महिन्यांची आहे म्हणालीस. अंडाशय याच वयात काढले तर स्तनाच्या आणि पिट्युटरीच्या गाठी पुष्कळ कमी होतात, तेव्हा फोन केलास की तेही विचारून घे. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया आजपासून दोघींच्याही कमी कर, लठ्ठपणाने गाठी वाढतात.