गॅस टॉर्च : भडका, रिफिल आणि उन्हातला डबा

प्रश्न : भरताचं वांगं भाजायला गॅस टॉर्च आणला. तो खाली झुकवला की निळी ज्योत एकदम पिवळी होऊन भडकते. टॉर्च बिघडलाय का? (वाचक, नाशिक)

बहुधा नाही. टॉर्चला जोडलेल्या डब्यात ब्यूटेन (जळणारा गॅस) द्रवरूपात असतं आणि बर्नरला हवी असते त्याची वाफ. डबा आडवा-उलटा झाला की द्रवच बर्नरकडे जातो. बाहेर पडताच त्याची इतकी वाफ होते की हवा कमी पडते, म्हणून ज्योत पिवळी. पेटवल्यावर पहिली एक-दोन मिनिटं डबा उभा धरा. उलटा वापरायचा असेल, तर कंपनीने तशी परवानगी दिलेली हवी. भडका झालाच तर घाबरून टॉर्च फेकू नका. उभा करा, नॉब बंद करा. भरतासाठी मात्र मी शेगडीच सुचवेन. टॉर्चने साल झटकन करपते, गर कच्चाच राहतो.

प्रश्न : एक दुकानदार रिकाम्या डब्यात घरगुती सिलिंडरचा गॅस भरून देतो, स्वस्तात. घ्यावा का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

कृपा करून घेऊ नका. घरगुती गॅस म्हणजे ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण. २० अंश सेल्सियसला ब्यूटेनच्या वाफेचा दाब वातावरणाच्या साधारण दुप्पट असतो, तर प्रोपेनचा आठपटीहून जास्त. म्हणजे मिश्रणाचा दाब शुद्ध ब्यूटेनपेक्षा अधिक, आणि तो पेलायचा कुणी? एकदाच वापरून टाकायच्या पातळ पत्र्याच्या डब्याने. त्यात दुकानदार किती भरतो, याला माप नाही. डबा काठोकाठ भरला, तर द्रवाला उन्हात फुगायला जागाच उरत नाही. एकदा वापरलेल्या झडपेतून गळती होऊ शकते ती वेगळीच; हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो आणि कुठल्याही ठिणगीने पेट घेतो. अशी भराभरी बेकायदा आहे. दुकानदार ओळखीचा असला, तरी त्याला हे स्पष्ट सांगा.

टाकी असलेला, पुन्हा भरता येणारा छोटा टॉर्च वेगळा. त्यात लायटरचं ब्यूटेन भरा. मात्र ज्योत बंद, टॉर्च थंड आणि खिडक्या उघड्या हव्यात. भरल्यावर काही मिनिटं थांबून मगच पेटवा.

प्रश्न : डबा गाडीच्या डिकीत ठेवला तर चालेल? (वाचक, नागपूर)

नाही. डब्यावर बहुतेक वेळा ५० अंशांची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात उन्हातली बंद गाडी ती सहज ओलांडते. घरीही टॉर्चपासून सुटा करून सावलीत, शेगडीपासून लांब ठेवा.

प्रश्न : गंजलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप सोडवायला टॉर्चने तापवला, तर पांढरा धूर निघाला. (वाचक, इचलकरंजी)

तो जस्ताच्या मुलाम्याचा धूर आहे. तो श्वासात गेला तर काही तासांनी थंडी-ताप भरतो, अंग दुखतं. काम थांबवा, मोकळ्या हवेत या. असा पाइप टॉर्चने तापवूच नका. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग पान्याने जोर लावा.

प्रश्न : डबा हलवला तर आत गॅस खळखळतो, तरी ज्योत मंदावते. असं का? (वाचक, पाचगणी)

ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच उकळतं, त्यामुळे थंडीत त्याची वाफ कमी होते. शिवाय वाफ होताना ते डब्यातलीच उष्णता खेचून घेतं. सलग वापरात डबा हाताला गार लागतो, बाहेरून दव धरतं. त्याला शेगडीजवळ नेऊ नका, उकळत्या पाण्यात तर मुळीच ठेवू नका. टॉर्च बंद करून डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, घाई असेल तर तोवर दुसरा लावा.