बेरीज 99.7 का आली?

प्रिय विद्यार्थिनी,

तू अकरावी सायन्सला आहेस. क्लासमध्ये 2011 च्या जनगणनेचा वयोगटांचा तक्ता दिला होता: 0 ते 14 वर्षं 30.8 टक्के, 15 ते 59 वर्षं 60.3 टक्के, साठ आणि पुढे 8.6 टक्के. दोन माणसं निवडली तर दोघंही साठीपुढची असण्याची संभाव्यता तू 17.2 टक्के काढलीस आणि ती चुकली. आता विचारतेस, संख्याशास्त्राचा नाद सोडू का?

आधी चूक पाहू. तू 8.6 मध्ये 8.6 मिळवलेस. बेरीज चालते ती एकाच माणसाबद्दल ‘हा गट किंवा तो गट’ असं विचारलं तर. माणूस पंधरा किंवा त्याहून मोठा असण्याची संभाव्यता 60.3 + 8.6 = 68.9 टक्के, कारण एक माणूस दोन्ही गटांत बसत नाही. ‘पहिलाही आणि दुसराही’ म्हटलं की गुणाकार: 0.086 × 0.086, म्हणजे जेमतेम 0.74 टक्के. निदान एक जण साठीपुढचा हवा असेल तर 0.914 चा वर्ग 1 मधून वजा कर. उत्तर साधारण 16.5 टक्के. तुझ्या 17.2 च्या किती जवळ आलं बघ! दोघंही साठीपुढची असलेली जोडी तुझ्या बेरजेत दोनदा मोजली गेली, एवढंच. (गुणाकारासाठी माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली हवीत. एकाच घरातले आजी-आजोबा उचलले तर तो चालणार नाही.)

पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, ‘तिन्हींची बेरीज 99.7 च येते, तक्ता चुकलाय का?’ ती ओळ मी पुन्हा वाचली. तक्ता बरोबर आहे. त्या जनगणनेत सुमारे 45 लाख लोकांच्या वयाची नोंदच झाली नव्हती. बाकी किरकोळ फरक दशांश जवळचा धरल्याचा. शंभरातून 30.8 वजा करून कोणी 69.2 लिहिलं, तर वय न कळलेले सगळे मोठ्यांत जमा होतात. तू तिथे थांबलीस. बेरीज कुठे आणि गुणाकार कुठे हे महिनाभराच्या सरावाने जमतं, असं थांबणं सहसा शिकवून येत नाही. म्हणून नाद सोडू नकोस.

बारावीला गणित मात्र ठेव. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट.ला, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीला, ते लागतंच. पुण्यात फर्ग्युसनला संख्याशास्त्रात बी.एस्सी. करता येतं, लोकसंख्येचाच अभ्यास करावासा वाटला तर पदवीनंतर मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. ‘यात नोकरी कुठे?’ असं बाबा विचारतात ना? त्यांना यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेबद्दल सांग, आणि ॲक्च्युअरीबद्दलही. कोणत्या वयाला जोखीम किती, यावरून विम्याचा हप्ता ठरवणं हे ॲक्च्युअरीचं रोजचं काम.

आता एक गणित. पंधरा आणि त्यापुढच्यांतूनच एक जण निवडला, तर तो साठीपुढचा असण्याची संभाव्यता किती? छेदात 100 नको, 68.9 घे. उत्तर 12.5 टक्क्यांच्या आसपास आलं की मला कळव.