फॉर्च्युनरला एचटी टायर घ्यावेत की एटी? फिरणं बहुतेक पुणे–कोकण, महिन्यातून एकदा शेतावर.

एचटी, म्हणजे हायवे टेरेनच घ्या. एटी, म्हणजे ऑल टेरेन, नुसते रांगडे दिसतात म्हणून घेऊ नका. एटीच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावरचे रबरी ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद असतात. त्यामुळे खडी-चिखलात पकड मिळते, पण डांबरावर घरघर वाढते, ॲव्हरेज थोडं पडतं आणि ओल्या घाटात ब्रेक मारल्यावर गाडी बहुधा जरा पुढे जाऊन थांबते. तुमचं फिरणं बघता ही शेवटची गोष्ट महत्त्वाची.

खरं तर मी प्रकाराआधी लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, बघेन. तुमच्या टायरच्या बाजूवर २६५/६० आर१८ ११०एच असं काहीसं असेल. त्यातलं ११० म्हणजे एका टायरला कमाल १०६० किलो, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. सात माणसं आणि सामान भरलं की ही गाडी अडीच टनांच्या वर जाते, आणि घाटउतारावर बराच भार पुढच्या दोन चाकांवर येतो. दुकानदार "माप तेच आहे साहेब" म्हणत ११०च्या खालचा आकडा पुढे करेल, तो नको. टायरच्या बाजूवरच तो बनवल्याची चार आकडी तारीखही वाचा: २३२५ म्हणजे २०२५चा २३वा आठवडा.

फक्त शेताची वाट पावसाळ्यातही तुडवायची असेल आणि गाडी फोर बाय फोर असेल, तर एटीचा विचार करा. तरी काळ्या मातीत त्याच्याही फटी बघता बघता लिंपून जातात.